मृतांची नोंदवही आणि जिवंतांचें आरोग्य

जयंतीच्या स्मरणिकेंत मंदिराचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, किती जणांस स्नानसंस्कार मिळाला आणि किती विवाह लागले, ह्या गोष्टी साहजिकच अग्रभागीं असतात. तसें असणें योग्यच होय. कारण जयंती हा उपकारस्मरणाचा सोहळा आहे. परंतु प्रत्येक धर्मग्रामाच्या कपाटांत आणखी एक वही असते आणि सणासुदीच्या दिवशीं ती कोणी उघडीत नाहीं. ती म्हणजे मृतांची नोंदवही. आनंदाच्या प्रसंगीं तिची आठवण काढणें कित्येकांस विपरीत वाटेल. तथापि ज्यांच्या श्रमावर हा धर्मग्राम उभा राहिला त्यांची नांवें त्याच वहींत आहेत; आणि ती वही जिवंतांसही कांहीं शिकवीत असते, हें दाखविण्याचा आम्ही येथें प्रयत्न करणार आहों.

ही वही ठेवण्याची आज्ञा जुनी आहे. स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या नोंदींविषयीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें सोळाव्या शतकांत नियम केले. पुढें इ. स. १६१४ मध्यें पोप पांचवे पॉल ह्यांच्या काळीं जो रोमन विधिग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यांत मृतांची वही कशी लिहावी ह्याचा नमुना घालून दिला आहे. मृताचें नांव, वय, मृत्यूची तारीख, अंतकाळीं मिळालेले संस्कार आणि दफनाची जागा, एवढें त्यांत लिहावयाचें. मृत्यूचें कारण लिहिण्यास त्यांत रकाना नाहीं. कारण धर्मगुरूची पहिली काळजी आत्म्याची.

पण माणसांची मोजदाद एकदां प्रामाणिकपणें होऊं लागली म्हणजे ती मोजणाऱ्याच्या मूळ हेतूपलीकडे उपयोगीं पडते. लंडन शहरांत प्रत्येक धर्मग्रामाचे कारकून आठवड्याच्या मृत्यूंची यादी प्रसिद्ध करीत. जॉन ग्राँट नांवाच्या एका कापड-दुकानदारानें ह्या यादींचा अभ्यास करून इ. स. १६६२ मध्यें एक लहानसें पुस्तक छापिलें. शंभर जीवांपैकीं छत्तीस जीव सहा वर्षांचे होण्यापूर्वींच जातात, असें त्यानें गणित मांडिलें. तोंवर प्रत्येक आई आपल्या मुलासाठीं एकटी रडत होती. ग्राँटच्या कोष्टकानें तो सगळ्या शहराचा शोक आहे हें दाखविलें. हा ग्राँट उत्तर आयुष्यांत कॅथलिक झाला, हें आमच्या वाचकांस कळल्यास आवडेल.

आतां आपल्या मुलखाकडे पाहूं. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. त्यापूर्वीं ह्यांतील बहुतेक प्रदेश औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे आणि १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. धर्मप्रांताच्या दृष्टीनें पाहतां १८८७ पासून नागपूर, १९५५ पासून अमरावती आणि १९७७ पासून औरंगाबाद, असा आपला क्रम लागतो. १८९१ च्या खानेसुमारींत औरंगाबाद जिल्ह्याची वस्ती सुमारे ८ लक्ष २९ हजार भरली होती. १९०१ मध्यें ती सुमारे ७ लक्ष २१ हजार भरली. म्हणजे ज्या दहा वर्षांत वस्ती वाढावयाची, त्या दहा वर्षांत एक लक्षाहून अधिक माणसें कमी झालीं. मध्यें १८९९-१९०० चा घोर दुष्काळ पडला होता. कांहीं कुटुंबें पोट भरण्यास परमुलखीं गेलीं, पुष्कळ जण मेले. दुष्काळांत माणूस केवळ भुकेनें मरतो असें नव्हे. आटलेल्या विहिरीच्या तळाचें पाणी पिऊन पटकीनें मरतो, हगवणीनें मरतो, आणि पहिला पाऊस पडतांच अशक्त देहावर हिवताप झडप घालतो.

खानेसुमारी दहा वर्षांतून एकदां येते. किती उरले तें ती सांगते. कोण कोठें व कशानें गेला तें सांगत नाहीं. तें सांगणारी नोंद त्या काळीं मुंबई शहरांत आठवड्याच्या आठवड्यास, पेठवार होत होती. तेव्हां मृत्यूचे आकडे काय शिकवितात हें पाहावयाचें तर मुंबईच्या एका पेठेंत जाणें भाग आहे. ती पेठ आपल्याला अगदींच परकी नाहीं. इ. स. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा लोहमार्ग जालन्यावरून गेला, तेव्हांपासून येथील धान्य, कापूस आणि कामाच्या शोधांत निघालेलीं माणसें मुंबईस एका रात्रींत पोहोंचूं लागलीं.

ती पेठ म्हणजे मांडवी. मांडवी म्हणजे जकातीचें ठाणें. बंदराला लागून असलेल्या ह्या भागांत धान्याच्या वखारी होत्या, आणि त्या वखारींच्या माथ्यावर व मागें अंधाऱ्या चाळींतून हमाल, मापाडी, कारकून व त्यांचीं कुटुंबें दाटीनें राहत. १८९६ च्या पावसाळ्याअखेर येथें वखारींतून मेलेले उंदीर सांपडूं लागले. त्याच सुमारास डॉ. अकासियो गॅब्रियल व्हिएगस ह्यांस ह्या पेठेंतील एका रोग्याकडे बोलावणें आलें. डॉ. व्हिएगस हे गोव्यांतील हडफडें गांवचे कॅथलिक गृहस्थ. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकलेले आणि म्युनिसिपालिटीचे सभासद. तीव्र ताप आणि जांघेंत गांठ पाहून त्यांनीं हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, आहे असें निदान केलें, आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजीं तें उघडपणें सांगितलें.

तें सांगण्यास धैर्य लागलें. प्लेगचें नांव निघतांच परदेशचीं बंदरें मुंबईच्या गलबतांस बंद होणार, व्यापार बुडणार, हें सर्वांस ठाऊक होतें. म्हणून पुष्कळांस तो शब्द नकोसा होता. ऑक्टोबरांत कलकत्त्याहून डॉ. वाल्डेमार हाफकिन आले. १८९४ मध्यें हाँगकाँग येथें येर्सिन ह्यांनीं जे जंतु शोधून काढिले होते तेच मुंबईच्या रोग्यांत आढळले, आणि डॉ. व्हिएगस ह्यांचें निदान खरें ठरलें. पुढें १९०६ मध्यें ते मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. मुंबईंत त्यांचा पुतळा आहे. त्याच्या पायाशीं थांबून वाचणारे मात्र थोडे.

त्यानंतर सरकारनें जे उपाय योजिले त्यांत शिस्त होती, खर्च होता, पण रोगाचें मर्म कळलेलें नव्हतें. गटारें धुतलीं, भिंतींस चुना दिला, घरोघर कार्बोलिकचें पाणी शिंपडलें. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. रोग्यांस घरांतून उचलून इस्पितळांत नेऊं लागले, प्रेतांची तपासणी होऊं लागली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजींच हजारभर गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. मार्च १८९८ मध्यें शहरांत पुन्हां दंगा झाला. पुण्यास ह्याच असंतोषांतून २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, हें सर्वांस विदित आहे. त्याच पुण्यांत सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें निवर्तल्या, हेंही विदित असावें.

येथें मृत्यूच्या नोंदीची एक कसोटी लागली. प्लेग म्हणून नोंद झाली कीं घराची झडती, बिछान्याची होळी आणि आप्तांची ताटातूट होणार, म्हणून लोक मृत्यु लपवूं लागले. नोंदींत साधा ताप, छातीचा विकार अशीं कारणें वाढूं लागलीं. परंतु एकूण मृत्यूंची संख्या लपत नाहीं. नेहमींच्या वर्षीं त्या आठवड्यांत किती माणसें मरत आणि ह्या वर्षीं किती मेलीं, ह्यांतील अंतरच खरा हिशेब सांगत होतें. नोंदवहीचा पहिला धडा हा : दंडाची भीति घातली तर लोक खोटें लिहवितात, आणि ज्या अधिकाऱ्यावर लोकांचा विश्वास नाहीं त्याला आकडेही खरे मिळत नाहींत.

शहरांतून लक्षावधि लोक पळाले. १८९१ मध्यें मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्यें ती ७,७६,००६ भरली. पळणाऱ्यांबरोबर आणि धान्याच्या पोत्यांबरोबर रोगही देशभर गेला. पुढील दोन-तीन दशकांत हिंदुस्थानांत प्लेगनें एक कोटीच्या आसपास माणसें मेलीं.

वांद्रें, सांताक्रूझ, माझगांव, गिरगांवची खोताची वाडी, ह्या बाजूस जे मराठी बोलणारे कॅथलिक बांधव राहत होते, त्यांनीं आपल्या गांवठाणांच्या नाक्यांवर क्रूस उभारिले. वांद्र्याच्या गल्ल्यांतून ते अजून दिसतात. कित्येकांवर त्या काळचें वर्ष कोरलेलें आहे. सायंकाळीं लोक तेथें जमत, पवित्र मारियेची प्रार्थनामाला म्हणत, संत सेबास्तियन आणि संत रोख ह्यांचा धांवा करीत. आजचा सुशिक्षित मनुष्य ह्यास भोळेपणा म्हणेल. आम्ही तसें म्हणत नाहीं. इ. स. १५७६ च्या साथींत मिलान नगरीचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ ह्यांनीं चौकाचौकांत वेद्या मांडविल्या, ज्यायोगें लोकांनीं घरांत राहून खिडकींतूनच मिस्सा ऐकावी. त्यांनीं उपासतापास केले आणि रोग्यांस निरोग्यांपासून वेगळेंही ठेविलें. प्रार्थना आणि सावधगिरी ह्यांत त्यांस विरोध दिसला नाहीं. क्रूसापाशीं गुडघे टेकणारा मनुष्य जर घरीं जाऊन धान्याच्या कणगीखालचें उंदराचें बीळ बुजवील, तर त्याच्या प्रार्थनेंत उणें तें काय?

उंदराचें महत्त्व मात्र उशिरां कळलें. १८९८ मध्यें कराची येथें फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ ह्यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, मेलेल्या उंदराच्या अंगावरून उडणारी पिसू हा रोग नेते. तें प्रथम कोणी मानीना. १९०५ नंतर परळ येथील प्रयोगशाळेंत झालेल्या कामानें तें सिद्ध झालें. दरम्यान हाफकिन ह्यांनीं प्रतिबंधक लस तयार केली होती आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. शोधकानें आपला देह आधीं पुढें करावा, ही गोष्ट धर्मगुरूंनींही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ती परळची संस्था १९२५ पासून त्यांचेंच नांव धारण करीत आहे.

पिसू उंदरावर, उंदीर धान्यावर, आणि माणूस त्या धान्याच्या वखारीवरच्या खोलींत! येणेप्रमाणें शोध फिरून घराशीं आला. १८९८ मध्यें सरकारनें मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. त्यानें रुंद रस्ते काढिले, दाट वस्त्या पाडल्या, दादर-माटुंग्याकडे नवीं उपनगरें आंखलीं. पण आरंभीच्या वर्षांत त्यानें जितक्या गरिबांचीं घरें पाडलीं तितक्यांस नवीं दिलीं नाहींत. उठविलेले लोक शेजारच्या चाळींत शिरले आणि तेथील दाटी वाढली. ह्याच्या उलट १९१८ मध्यें वांद्र्यास कॅथलिक मंडळींनीं सहकारी तत्त्वावर साल्सेट कॅथलिक गृहनिर्माण संस्था काढून हवाशीर घरें बांधलीं. अर्थात् ज्यांच्यापाशीं थोडीबहुत मिळकत होती त्यांस तें साधलें. हमालास साधलें नाहीं.

ह्यानंतर १९१८ सालीं इन्फ्लुएंझा आला. आपल्याकडे जुन्या लोकांनीं त्यास मानमोडीची साथ म्हटलें. जूनमध्यें तो मुंबई बंदरांत उतरला, पावसाळ्याअखेर उग्र होऊन परतला, आणि ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशीं शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले. हा रोग वाऱ्यासारखा सर्वत्र शिरला. त्यानें बंगला सोडला नाहीं कीं चाळ सोडली नाहीं. मग सर्व समाजांत तो सारखाच मारक ठरला काय? नोंदवही म्हणते, नाहीं. दर हजारीं युरोपियनांत सुमारे ८, पारशांत ९, हिंदी ख्रिस्ती लोकांत १८, मुसलमानांत व इतर हिंदूंत १९, आणि ज्यांस त्या काळीं अस्पृश्य म्हणून गांवाबाहेर ठेविलें जाई त्यांच्यांत ६१ हून अधिक माणसें मेलीं. ताप एकच, पण ज्याच्या घरीं शेगडी पेटविण्यास दुसरें कोणी उठूं शकत नव्हतें, ज्यास एक दिवस खाडा झाला तर भाकर नव्हती, त्याच्याकडे तो मरण घेऊन आला. आपल्या भागांतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज त्याच समाजांतून प्रभूकडे आले. तेव्हां हा ६१ चा आकडा आपण परक्याचा म्हणून वाचूं शकत नाहीं.

आणखी एक कोष्टक सांगून हा भाग संपवितों. १९२१ मध्यें मुंबईंत जन्मलेल्या दर हजार मुलांमागें एक वर्षाच्या आंत किती मुलें मेलीं, ह्याचा हिशेब घराच्या खोल्यांप्रमाणें केला गेला. चार किंवा अधिक खोल्या असलेल्या घरांत १३३. तीन खोल्यांत १९१. दोन खोल्यांत ३२२. आणि एका खोलींत, किंवा एका खोलीच्या वांट्यांत, ८२८. सबंध शहराचा आंकडा हजारीं ६६० हून अधिक होता.

हे आकडे वाचतांना सावधही राहिलें पाहिजे. गरीब बाई बाळंतपणास गांवीं जाई. मूल गांवीं जन्मे, त्याचा जन्म तेथें लिहिला जाई, किंवा मुळींच लिहिला जात नसे. मग ती मुलास घेऊन चाळींत परते, आणि तें मेलें म्हणजे मृत्यु मात्र मुंबईच्या खात्यावर पडे. त्यामुळें एका खोलीचा आकडा फुगलेला आहे हें उघड आहे. परंतु फुगवटा काढून टाकिला तरी एका खोलीपासून चार खोल्यांपर्यंत उतरत जाणारी ही पायरी मोडत नाहीं. पुढील दहा वर्षांत सबंध शहराचा आकडा निम्म्याहून खालीं आला. कांहीं अंशीं नोंदणी सुधारली म्हणून, आणि कांहीं अंशीं प्रसूतिगृहें, शिकलेल्या दाया व घरोघर फिरणाऱ्या परिचारिका वाढल्या म्हणून. त्या दहा वर्षांत परमेश्वराची इच्छा बदलली काय? नाहीं, माणसांनीं आपलें कर्तव्य थोडें अधिक केलें.

ह्या लेखाचें सार एवढेंच आहे. तान्हें मूल पुरतांना आपण सहज म्हणतों, ‘देवाची मर्जी.’ शोक करणाऱ्या आईच्या तोंडीं तो शब्द श्रद्धेचा आहे आणि तिच्या मुखांतून तो हिरावून घेण्याचा कोणास अधिकार नाहीं. परंतु जेव्हां घरमालक, पंच, अधिकारी किंवा धर्मगुरु तोच शब्द उच्चारतो, तेव्हां आपल्या वांट्याचा जाब तो देवाच्या माथीं तर मारीत नाहीं ना, हें त्यानें तपासून पाहावें. शिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसें ठार झालीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं काय, असा प्रश्न प्रभूनें केला आणि स्वतःच नाहीं म्हणून सांगितलें. एका खोलींतील मुलें चार खोल्यांतील मुलांहून अधिक पापी नव्हतीं. बुरूज कच्चा होता, आणि तो कोणीं तरी बांधिला होता.

आतां काळ पुष्कळ पालटला आहे. २०२० च्या सरकारी हिशेबाप्रमाणें महाराष्ट्रांत हजार जन्मांमागें १६ अर्भकें दगावलीं. शंभर वर्षांपूर्वींच्या शहराशीं ताडून पाहतां हा मोठाच प्रसाद होय. पण काम संपलें नाहीं. जालना शहरास निजामाच्या काळीं बांधलेल्या घाणेवाडीच्या जलाशयानें पाणी दिलें. तरी २०१२-१३ च्या दुष्काळांत सबंध जिल्ह्यानें टँकरची वाट पाहिली. पाणी दुर्मिळ झालें म्हणजे घरोघर पिपें भरून ठेवितात, आणि उघड्या पिपांत डेंग्यूचे डांस वाढतात. १९११ मध्यें डॉ. बेंटली ह्यांनीं मुंबईच्या हिवतापाचें मूळ उघड्या विहिरींत दाखविलें, तेव्हां विहिरी झांकण्यास पुष्कळांनीं विरोध केला होता. आपण निदान पिंपास फडकें बांधण्यास विरोध करूं नये.

म्हणून जयंतीच्या ह्या वर्षीं आमची धर्मग्रामवासीयांस चार गोष्टींची विनंति आहे. घरांत जन्म किंवा मृत्यु झाला तर १९६९ च्या कायद्याप्रमाणें एकवीस दिवसांच्या आंत ग्रामपंचायतींत किंवा नगरपालिकेंत त्याची नोंद करावी. धर्मग्रामाची नोंद ही तिच्या जागीं चालत नाहीं. अंत्यविधीच्या वेळीं मृताचें वय आणि आजार आम्हांस खरा सांगावा. आम्ही समासांत तो लिहून ठेवूं, त्यास रकाना नसला तरी. नवें घर बांधतांना वेदीच्या कोनाड्याइतकीच काळजी खिडकीची घ्यावी. आणि एखाद्या वस्तींत एका पावसाळ्यांत दोन मुलें दगावलीं, तर तिसऱ्याची वाट न पाहतां सर्वांनीं मिळून तेथील विहीर पाहावी.

नोव्हेंबर महिन्यांत आपण मृतांची नांवें वाचून त्यांच्यासाठीं मिस्सा अर्पण करितों. तीं नांवें ह्या पुढें सावकाश वाचावीं. प्रत्येक नांव ही प्रार्थना तर आहेच. पण त्यांतील कांहीं नांवें आपणांस प्रश्नही विचारीत आहेत. त्यांच्या आत्म्यांस प्रभु चिरशांति देवो, आणि जे अजून जन्मावयाचे आहेत त्यांचीं नांवें त्या वहींत अवेळीं न जावोत, ह्याकरितां आपणां सर्वांस तो सद्बुद्धि देवो.